आधी दिसतं ते सांग

कोथरूडच्या मल्टिप्लेक्समध्ये शनिवारी दुपारी मराठी चित्रपट लागला असेल तर कोपऱ्यातली तिकिटं हमखास मिळतात. मधलीही मिळतात, अख्खं थिएटर मिळतं म्हणा ना. पण आम्हाला कोपराच लागतो, कारण आमच्यातलं एक माणूस चित्रपट संपेपर्यंत बोलत असतं. भिंतीकडेला आमचे हे, त्यांच्या शेजारी नम्रता आणि तिच्या शेजारी मी. कोणी मागे वळून "कॉमेंट्री घरी करा" म्हणालं तर त्याला उत्तर देण्याचं काम माझ्याकडे. त्या कामात माझा हात धरणारं कोणी नाही.

आमचे हे म्हणजे दीनानाथ. जन्मभर विमा कंपनीत सर्व्हेअर होते. कुठे गोदाम जळलं, कुठे ट्रक उलटला, की हे जाऊन पाहायचे आणि नुकसान खरं झालंय की केलंय ते ठरवायचे. निवृत्तीनंतर त्यांना दोनच कामं उरली होती: चित्रपट पाहणं आणि त्यावरून बेहेरेंशी भांडणं. बेहेरे यांचे शाळेपासूनचे मित्र. दोघं एकाच फिल्म सोसायटीचे सभासद, आणि एकाला आवडलेला चित्रपट दुसऱ्याला आवडला असं मी कधी ऐकलं नाही.

मग यांच्या डोळ्यांचा आजार सुरू झाला. आता नजरेच्या मधोमध काळा डाग आहे आणि कडेने थोडं धूसर दिसतं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. डॉक्टरांनी हात टेकले त्या दिवसापासून हे बाल्कनीत भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. ताटातली पोळी ताटातच राहायची. "आता काय पाहायचं राहिलंय?" एवढंच म्हणायचे. मी घाबरले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी यांना रागावलेलं पाहिलं होतं, चिडवताना पाहिलं होतं, पण असं गप्प कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, चला, मी सांगते चित्रपट. सांगून पाहिला.

"एक बाई आली," मी म्हणाले.

"कसली बाई?"

"बाई म्हणजे बाई. साडी नेसलीय."

"बरं. मग?"

"मग काय, बसली."

मध्यंतरानंतर मला झोप लागली. यांनी उठवलं नाही. दिवे लागल्यावर विचारलं, "ती बाई अजून बसलीच आहे का?"

नम्रता आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहते. मूळची वाशीमची. नोकरी हडपसरला आयटी कंपनीत आणि बिऱ्हाड आमच्या कर्वेनगरात, हा उलटा कारभार कशासाठी, तर सुट्टीच्या दिवशी इकडे कुठे ना कुठे चांगला चित्रपट दाखवतात म्हणून. तिला चित्रपटांवर लिहायचं होतं. मोबाइलवर लिहायचीसुद्धा. वाचणारे म्हणजे ऑफिसातल्या मैत्रिणी आणि वाशीमचा मामा. यांनी एकदा तिला वाचून दाखवायला लावलं आणि ऐकून म्हणाले, "मतं भरपूर आहेत. चित्रपट कुठाय?"

दुसरी एखादी असती तर खोली सोडून गेली असती. ही म्हणाली, "मंग कसं लिहायचं, काका?"

"शनिवारी मला घेऊन चल. शेजारी बसून सांगत राहा. आम्ही अहवाल लिहायचो तसं. आधी दिसतं ते सांगायचं. मत नंतर, आणि तेही कोणी विचारलं तर."

पहिल्या शनिवारी ती कुजबुजली, "खोली एकदम सॅड आहे, काका."

"हे मत झालं. खोलीत आहे काय?"

ती गडबडली. मग डोळे ताणून पाहायला लागली. "एक खुर्ची आहे. बाजूला फरशीवर चार ठिपके आहेत, काळपट. म्हणजे तिथं दुसरी खुर्ची होती. कोणी तरी नेली."

"हं," हे म्हणाले. "आता मला दिसलं."

मी त्याच पडद्याकडे पाहत होते. मला ठिपके दिसले नव्हते.

असे शनिवार सुरू झाले. घरी येऊन चहा, मग ती लिहायची, मग यांना वाचून दाखवायची, आणि हे एकेक शब्द उपटून काढायचे. पोरगी चिडायची, पाय आपटत खोलीत जायची आणि तासाभराने नवीन कागद घेऊन यायची. यांची पोळी संपायला लागली. बाल्कनीतली खुर्ची मी हळूच दाराकडे तोंड करून ठेवली, तिकडे कोणाचं लक्षही गेलं नाही. नम्रताचं लिखाण एका पेपरच्या पुरवणीच्या संपादकबाईंनी वाचलं आणि एक परीक्षण लिहून पाहा म्हणाल्या. जमलं तर दर आठवड्याला देऊ. पोरीला रात्रभर झोप नव्हती, आणि यांनाही.

पेपरचं म्हणाल तर रोज सकाळी चहाबरोबर मी यांना तो वाचून दाखवते. मथळे, अग्रलेख, वाचकांची पत्रं, नाटकांच्या जाहिराती. निधनवार्ता मी वाचत नाही. आमच्या वयात त्या पानावर ओळखीची माणसं भेटायला लागतात, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस मला पुन्हा घरात नको होता. हे मधूनच विचारायचे, "आणखी काही?" मी म्हणायचे, "काही नाही विशेष." मग हे बेहेरेंना फोन लावायला सांगायचे, आणि तो लागायचा नाही.

"औंधला मुलीकडे काय गेला, साहेब झाला," हे म्हणायचे. "नंबर बदलला आणि कळवायची रीत नाही. तिकडे जायला आता पासपोर्ट लागतो वाटतं. श्रावणापासून आवाज नाही याचा. मेला का काय!"

मी कपबशा उचलून आत जायचे.

नम्रताला जो चित्रपट दिला होता तो खालच्या मजल्यावरच्या ललिताताईंनी शुक्रवारीच पाहिला. जिन्यात भेटल्या आणि सगळी गोष्ट सांगूनच थांबल्या. ही त्यांची सवय. कोकणातला एक म्हातारा, एकटा, नजर गेलेली. मुलगा मुंबईला. गणपतीत तुम्हाला न्यायला येतो म्हणून सांगतो. म्हातारा बोचकं बांधून ओट्यावर बसतो. "आणि शेवटी तो येतच नाही हो," ललिताताई म्हणाल्या. "मला तर घरी येऊन जेवण गेलं नाही."

आमचा मुलगा आमोद टोरांटोला असतो. दिवाळीला येतो म्हणाला होता, मग नाताळात म्हणाला, आता "बघतो" म्हणतो. यांनी त्याबद्दल अक्षर काढलं नव्हतं, आणि ते न काढणंच मला जास्त भीती घालत होतं.

शनिवारी सकाळी नम्रता ओट्याशी चहा करत होती, मी मेथी निवडत होते. मी म्हणाले, "आज यांना शेवट तेवढा बदलून सांग. मुलगा आला असं सांग."

"काकू, असं नाही करता येत."

"का नाही येत? त्यांना कुठे दिसतंय?"

हे वाक्य मी बोलले. बोलल्यावर माझं मलाच ऐकू आलं, पण परत घ्यावंसं वाटलं नाही.

"काका म्हणतात दिसतं तेच सांग. त्यांनी मला तेवढंच तर शिकवलं."

"काका भिंतीकडे तोंड करून बसायचे तेव्हा तू इथे नव्हतीस, मी होते. आमच्याच घरात राहतेस ना? एवढं करणार नाहीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. दूध उतू जाण्याआधी गॅस बंद केला आणि "बरं," म्हणाली.

चित्रपट संथ होता. मी दोनदा डुलकी काढली, पण शेवटाला टक्क जागी होते. पडद्यावर काळोख पडत चालला होता. म्हातारा ओट्यावर, मांडीवर बोचकं. संगीत नाही, संवाद नाही, नुसता लांबून समुद्र. माझ्या शेजारी नम्रता यांच्याकडे वळली. मग ती अगदी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "काका, फाटक उघडलंय. मुलगा आलाय. तो... तो त्यांच्या पायाशी बसलाय."

दिवे लागले. नम्रता ओढणीने तोंड पुसत होती, माझेही डोळे भरले होते. रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "आला ना शेवटी मुलगा? बरं झालं." घरी आल्यावर दोन पोळ्या खाल्ल्या. मला वाटलं, मी जिंकले.

पुढच्या रविवारी परीक्षण छापून आलं. नम्रता सकाळीच कोपऱ्यावरच्या स्टॉलवर जास्तीच्या प्रती आणायला धावली. हे दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, लग्नाला निघाल्यासारखे खुर्चीत बसले होते. "वाच," म्हणाले. "आधी तिचं नाव वाच."

मी नाव वाचलं. मग पुढे वाचायला लागले आणि तिसऱ्या परिच्छेदाशी माझी जीभ अडली. तिथे लिहिलं होतं:

"या घराच्या फाटकाला म्हातारा मुद्दाम तेल घालत नाही. डोळे गेल्यावर कोणी आलं की त्याला फाटकाच्या करकरीवरूनच कळतं. पोस्टमन येतो तेव्हा ते करकरतं, शेजारीण येते तेव्हा करकरतं. शेवटी काळोख होतो आणि दिग्दर्शक आपल्यालाही त्याच्याबरोबर कान देऊन बसवतो. फाटक वाजत नाही. चित्रपट तिथेच संपतो."

मी तो चित्रपट डोळे उघडे ठेवून पाहिला होता, आणि ते फाटक मला आत्ता, पेपरात ऐकू आलं. पोरीने काय लिहिलं होतं! कौतुकाने ऊर भरून यावा असं लिहिलं होतं, आणि मला ते मोठ्याने वाचता येत नव्हतं.

"थांबलीस का?" यांनी विचारलं.

"चष्मा," मी म्हणाले. चष्मा पुसला. मग वाचल्यासारखं करून म्हणाले, "शेवटी मुलगा परत येतो आणि बापलेकांची भेट पाहून डोळ्यांत आनंदाश्रू उभे राहतात. सहकुटुंब पाहावा असा चित्रपट."

यांनी कान माझ्याकडे केला. "एवढंच?"

"एवढंच."

"फाटकाबद्दल काही नाही?"

"कसलं फाटक?" मी म्हणाले.

यांनी मान हलवली. मी पुरवणीची घडी केली आणि स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या डब्याखाली सारली. एक खोटं शनिवारी नम्रताच्या तोंडून वदवलं होतं, दुसरं रविवारी माझ्या तोंडून. मनाची समजूत घातली, की यांच्यासाठीच चाललंय सगळं.

नम्रता पेढ्यांचा पुडा घेऊन आली. यांच्या समोर उभी राहिली. "काका, वाचलं?"

"हो," हे म्हणाले. "छान आहे."

पुण्याबाहेरच्या माणसाला ते कळायचं नाही. यांनी आजवर तिच्या लिखाणाला "छान" म्हटलं नव्हतं. "हा शब्द काढ", "हे कोणी विचारलंय", "इथे झोप लागली होती का तुला", असं म्हणायचे. तेव्हा ती खूश असायची. छान म्हणजे विषय संपला. यांनी पेढाही खाल्ला. पोरीचा चेहरा उतरला.

बुधवारी संध्याकाळी ती ऑफिसातून आली तेव्हा यांनी तिला बोलावलं. मी दारामागेच होते, भाजी चिरत. खरं तर ऐकत.

"तुझी नोकरी चांगली आहे," हे म्हणाले. "तीच सांभाळ. लिहिण्याच्या भानगडीत पडू नकोस."

"चुकलं का काका माझं?"

"ज्याला दिसतं ते सांगता येत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. मला वाटलं होतं तुला येईल. माझा अंदाज चुकला. शनिवारी मी येणार नाही."

नम्रताने वाद घातला नाही. ती फक्त "हो काका" म्हणाली आणि खोलीत गेली. माझ्या हातातला कांदा अर्धवट राहिला.

मी तिच्या मागे गेले. ती पलंगावर बसून मोबाइलवर लिहीत होती. संपादकबाईंनी पुढच्या चित्रपटाचं विचारलं होतं, आणि ही त्यांना कळवत होती, की यापुढे जमणार नाही.

"काकांचं बरोबर आहे, काकू," ती म्हणाली. "पेपरातून त्यांना कळलंच नं, मी तिथं खोटं सांगितलं ते. मी डोळे होती त्यांचे. डोळ्यांनीच फसवलं तर माणूस काय करेल?"

"माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हटलं असेल. पण बोलली तर मीच नं."

मी दाराची चौकट धरली. हिला वाटत होतं, की पेपरात खरं छापून आल्यामुळे थिएटरातलं खोटं उघडं पडलं. यांना वाटत होतं, की पोरीने पेपरातसुद्धा खोटंच छापलं. दोघं एकमेकांपासून तुटत होते, आणि खोटी दोन्ही माझी होती. ती तर माझं नाव न घेता आपलं लिहिणंच बंद करायला निघाली होती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"तो मेसेज पाठवू नकोस," मी म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत थांब. माझ्यासाठी थांब."

सकाळी ती कंपनीच्या बससाठी निघाली होती, पाठीवर बॅग. मी तिला हाताला धरून हॉलमध्ये उभं केलं, पिठाच्या डब्याखालची पुरवणी आणली आणि यांच्या समोर बसले.

"अहो, रविवारचं परीक्षण मी पुन्हा वाचते. त्या दिवशी मी ते बदलून वाचलं होतं."

यांनी कप खाली ठेवला. मी वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. फाटकाशीही थांबले नाही.

"फाटकापासून पुन्हा वाच," हे म्हणाले. मी पुन्हा वाचलं.

"तिला बदलून सांगायलाही मीच लावलं होतं," मी म्हणाले. "ती नको म्हणत होती."

"नम्रता आहे का इथे?"

"आहे काका."

"तू फाटक उघडलं म्हणालीस तेव्हा मला करकर ऐकू आली नाही. तिथेच कळलं, की कोणी आलेलं नाही. माझ्याजवळ तू रडत होतीस, पलीकडे ही रडत होती. म्हटलं, असू दे, दोघींचं मन राहू दे. पण मग पेपरातही तेच छापलंस असं वाटलं, आणि माझं डोकं फिरलं." यांनी माझ्या हातातल्या पुरवणीकडे बोट केलं. "दुसऱ्या परिच्छेदात 'सुंदर' असा शब्द आलाय. काय सुंदर आहे ते कुठाय?"

नम्रता रडता रडता हसली. "काढायला पाहिजे होता, काका."

"मग काढायचा होता. शनिवारी कुठला आहे?"

तिने पुढच्या चित्रपटाचं नाव सांगितलं. खाली बसचा हॉर्न वाजला. जाता जाता तिने वाकून यांच्या पायांना हात लावला आणि दोन-दोन पायऱ्या उतरत गेली. मला हायसं वाटलं. मी कप उचलायला वाकले.

"हेमा, बस जरा."

मी बसले.

"'सहकुटुंब' हा शब्द त्या पोरीचा नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं," हे म्हणाले. "माझं सगळं आयुष्य खोटे दावे पकडण्यात गेलं. पण तू खोटं वाचशील असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आणि आता तेच मनात आलंय, आणि जात नाही."

"चुकले मी. पुन्हा नाही होणार."

"ते पुढचं झालं. मी मागचं विचारतोय. रोज पेपर वाचताना तू पान उलटतेस त्याचा आवाज येतो. एका ठिकाणी दोन पानं एकदम जातात. जाड आवाज येतो. मला वाटायचं, मध्ये जाहिराती असतील." हे माझ्या दिशेने वळले. चेहरा दिसत नसतानाही हे नेमके माझ्याकडेच पाहतात. "बेहेरे गेला का?"

मला अजूनही नाही म्हणता आलं असतं. औंधला आहेत, मुलीने नवा फोन घेतलाय, मी नंबर मिळवते, असं काहीही. शब्द ओठांवर तयारच होते, इतकी मी तरबेज झाले होते. पण जीभ रेटेना.

"हो," मी म्हणाले.

"कधी?"

"श्रावणात. मुलीचा फोन आला होता, तो मी घेतला. तुम्ही नुकते कुठे पोटभर जेवायला लागला होतात. म्हटलं, सांगू थोड्या दिवसांनी. मग रोजच थोड्या दिवसांनी झालं."

यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी इथे बसून रोज त्याला शिव्या घालत होतो. मेला का काय म्हणत होतो. आणि तू ते ऐकत होतीस."

"हो."

"ऐकून आत जात होतीस."

"हो," मी म्हणाले.

"पेपरात आलं होतं?"

"आलं होतं. पण तो पेपर रद्दीत गेला."

"फोटो होता?"

"होता."

"सांग."

"चांगला होता फोटो—"

"चांगला हे मत झालं," हे म्हणाले. "आधी दिसतं ते सांग."

मी डोळे मिटले. त्या सकाळी मी ते पान स्वयंपाकघरात नेऊन एकटीनेच पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. "सदरा पांढरा. बाही दुमडलेली. काळ्या काड्यांचा चष्मा, एका बाजूने थोडा वर. केस उडालेत. तोंड उघडं आहे, काहीतरी बोलता बोलता फोटो काढलाय."

"भांडत असेल. आणखी?"

"फोटो मोठ्या फोटोतून कापून घेतलाय. कडेला दुसऱ्या माणसाचा खांदा आलाय, त्यावर बेहेरेंचा हात आहे."

"कुणाचा खांदा?"

"चौकड्यांचा शर्ट आहे. निळा."

"कुणाचा, हेमा?"

तो शर्ट मीच घेतला होता, कित्येकदा मीच इस्त्री केला होता. मी त्या दिवशीही ओळखला होता, आणि ओळखूनच पान मिटलं होतं.

"तुमचा," मी म्हणाले.

यांचा हात आपल्याच खांद्यावर गेला आणि तिथेच राहिला. मग म्हणाले, "पुढे सांग."